आपत्तीत दवाखान्यांची स्थिती कळवताना: ॲप निवडण्याआधी काय ठरवावे

गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुसळधार पाऊस, पूर किंवा वादळ आले की तालुक्यातील उपकेंद्रे, खासगी दवाखाने आणि औषधालये यांची स्थिती एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवली जाते. संदेश भरपूर येतात, परंतु "आत्ता या घडीला कोणते दवाखाने चालू आहेत आणि कोणाला काय हवे आहे?" असे मामलेदार कचेरीतून विचारले गेले, तर उत्तर शोधण्यात अर्धा तास जातो. वेगळा निधी नाही आणि संगणकाचे खास शिक्षण घेतलेले कर्मचारीही नाहीत. अशा स्थितीत कोणते ॲप वापरावे?

माझे उत्तर असे की नवे ॲप घेऊ नये. एक गूगल फॉर्म, त्याला जोडलेले एक पत्रक (गूगल शीट), साधा एसएमएस आणि फोनजवळ बसणारी एक जबाबदार व्यक्ती, एवढ्या सामग्रीवर एका तालुक्याचे काम व्यवस्थित चालते. आपत्तीच्या दिवशी नवे ॲप उतरवून घेणे, त्याचा पासवर्ड आठवणे आणि ते शिकणे ही तिन्ही कामे अशक्य असतात. ज्या साधनाचा रोज हात लागतो तेच त्या दिवशी उपयोगी पडते. मात्र साधन साधे असले म्हणून पद्धत आपोआप साधी होत नाही. पुढचे सविस्तर विवेचन त्यासाठीच केले आहे.

आधी ग्रुपवर नेमके काय बिघडते ते जवळून पाहू. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एका उपकेंद्रातून "लायट ना" (वीज नाही) असा संदेश येतो आणि त्याखाली चार जण अंगठा दाखवतात. मग कोणीतरी आडव्या पडलेल्या माडाचे तीन फोटो टाकतो, पण रस्ता कुठला ते लिहीत नाही. साडेआठच्या सुमारास दीड मिनिटाचा आवाजी संदेश येतो. तो ऐकायला कोणाला वेळ नसतो आणि मागे पाऊस इतका वाजत असतो की ऐकूनही फारसे कळत नाही. नऊ वाजता "आयली" एवढाच एक शब्द येतो. वीज आली की मागवलेली रुग्णवाहिका आली, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. यात कोणाचीही हयगय नाही, प्रत्येकाने आपापल्या परीने कळवलेलेच आहे. परंतु ग्रुपवरची माहिती आलेल्या क्रमाने एकाखाली एक साचत जाते, तर विचारणाऱ्याला ती दवाखान्यानुसार हवी असते, आणि ही जुळवाजुळव ऐन गर्दीत एका थकलेल्या माणसाला डोक्यात करावी लागते. त्याहून मोठा दोष असा की ज्या दवाखान्याने काहीच कळवले नाही, तो ग्रुपवर दिसतच नाही. वास्तविक ज्या दिवशी पाणी चढते त्या दिवशी सर्वांत जास्त काळजी त्याचीच करायला हवी.

म्हणून पत्रकाची रचना येणाऱ्या संदेशांवरून न करता दवाखान्यांच्या पूर्ण यादीवरून करावी. डाव्या बाजूला तालुक्यातील प्रत्येक दवाखान्याची एक ओळ आधीच असावी, त्याने काही कळवलेले असो वा नसो. शेजारी त्याची शेवटची स्थिती, ती कळवल्याची वेळ आणि त्यानंतर किती तास गेले हा आकडा यावा. सहा तासांपेक्षा जुनी ओळ आपोआप पिवळी आणि बारा तासांपेक्षा जुनी ओळ लाल व्हावी. हे रंग दवाखान्याची स्थिती चांगली की वाईट ते सांगत नाहीत; आपल्याला ती स्थिती ठाऊक आहे की नाही, एवढेच सांगतात. नियंत्रण कक्षातील माणसाने सकाळी पत्रक उघडले की आधी लाल ओळींना फोन लावायचे आणि मग बाकीचे वाचायचे. माझ्या मते या साऱ्या खटाटोपात दुसरे काहीच जमले नाही आणि एवढे एक जमले, तरी फॉर्म बनवल्याचे सार्थक होईल.

आता प्रश्नांकडे वळू. फॉर्म करायला बसले की सगळ्यांनाच उत्साह येतो आणि पाहता पाहता तीस प्रश्न तयार होतात. त्यावर एक कसोटी लावावी: प्रत्येक प्रश्नासमोर, या उत्तरावर कोणत्या पदावरील व्यक्ती कोणती कृती करणार, ते लिहावे. जिथे पद किंवा कृती लिहिता येत नाही, तो प्रश्न काढून टाकावा. या कसोटीतून साधारण सात प्रश्न उरतात: दवाखान्याची सेवा, वीज, जनरेटर किती तास चालेल, पाणी, रस्ता, लसींचा फ्रिज आणि तातडीची एक गरज. खाटा, औषधांचा साठा, कर्मचाऱ्यांची हजेरी यांचे तपशील ज्यांना हवे आहेत त्यांच्याकडे ते दुसऱ्या वाटेने जातच असतात; आपत्तीच्या फॉर्ममध्ये ते पुन्हा मागितले की परिचारिका फॉर्म अर्ध्यावर सोडते.

सेवेच्या प्रश्नाला "चालू" आणि "बंद" हे दोनच पर्याय ठेवणे ही फार प्रचलित चूक आहे. तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले आणि तो रविवार होता. काणकोणात २ ऑक्टोबर २००९ रोजी अतिवृष्टीने तळपण आणि गालजीबाग या नद्यांच्या खोऱ्यांत अचानक पूर आला, तेव्हा गांधी जयंतीची सुट्टी होती. अशा दिवशी एखाद्या खासगी दवाखान्यासमोर "बंद" असे दिसले तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? डॉक्टर नेहमीप्रमाणे घरी आहेत आणि बोलावल्यास येतील, की दवाखान्यात गुडघाभर पाणी शिरले आहे? म्हणून चार पर्याय ठेवावेत: पूर्ण चालू, अंशतः चालू, नेहमीची सुट्टी (पण बोलावल्यास उघडता येईल) आणि आपत्तीमुळे बंद. तिसरा पर्याय क्षुल्लक वाटतो, परंतु एखाद्या भागातला सरकारी दवाखाना बंद पडल्यावर पहिला फोन कोणाला लावायचा, हे त्याच्यामुळे कळते. "अंशतः" निवडल्यावर कारण विचारावे आणि कारणेही ठरावीकच द्यावीत: माणसे नाहीत, वीज नाही, पाणी नाही, औषधे नाहीत, इमारतीचे नुकसान. जागतिक आरोग्य संघटनेची हेराम्स ही पद्धतही याच धाटणीची आहे. सेवा उपलब्ध, अंशतः उपलब्ध की अनुपलब्ध हे आधी नोंदवायचे आणि मग अडथळ्याचे कारण ठरावीक यादीतून निवडायचे.

विजेच्या प्रश्नावर थोडे अधिक थांबायला हवे, कारण गोव्यातील बहुतेक आपत्तींमध्ये दवाखान्यांना पाण्याआधी विजेचा फटका बसतो. माड, फणस किंवा जुना वड वीजवाहिनीवर कोसळतो आणि खांबही वाकतो, मग आडवाटेच्या वाड्यांवर दुरुस्ती पोहोचायला वेळ लागतो. "जनरेटर आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर वर्षभर तेच असते. विचारायचे ते हे की आत्ता टाकीत असलेल्या डिझेलवर जनरेटर आणखी किती तास चालेल. याचे उत्तर अंदाजाने येऊ नये, यासाठी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक दवाखान्याने एक छोटी चाचणी करावी. टाकी काठोकाठ भरावी, दवाखान्यातील नेहमीची उपकरणे लावून जनरेटर एक तास चालवावा आणि थंड झाल्यावर पुन्हा काठापर्यंत भरायला किती लिटर डिझेल लागले ते मोजावे. तो आकडा जनरेटरवर रंगाने लिहून ठेवावा. पुढे टाकीतील लिटरला त्या आकड्याने भागले की तास मिळतात आणि हा भागाकार रात्रपाळीचा शिपाईही करू शकतो. तास कळले की निर्णय सोपा होतो: ज्याच्याकडे दोन तासांचे डिझेल उरले आहे त्याला आधी, ज्याच्याकडे अकरा तासांचे आहे त्याला दुपारनंतर. केवळ "डिझेल कमी आहे" असे कळवणारे सहा दवाखाने असले तर सहाही जण सारखेच तातडीचे वाटतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे काम आधी होते.

ज्यांच्याकडे जनरेटर नाही, फक्त इन्व्हर्टर आहे, त्यांनी तेवढाच वेगळा पर्याय निवडावा. वीज खात्याशी बोलताना दवाखान्याच्या नावापेक्षा त्याला वीजपुरवठा करणाऱ्या फीडरचे, म्हणजे वीजवाहिनीचे, नाव जास्त उपयोगी पडते, म्हणून मूळ यादीत प्रत्येक दवाखान्यासमोर फीडर आणि जवळचे सब-स्टेशन कायमचे लिहून ठेवावे. ही माहिती एकदाच मिळवायची असते आणि ती कनिष्ठ अभियंत्यांकडून निवांतपणी मिळते. वादळात मिळत नाही.

पाण्याच्या प्रश्नाकडे सहसा कोणी गंभीरपणे पाहत नाही, कारण बाहेर धो धो पाऊस पडत असताना नळाला पाणी नाही ही कल्पनाच विसंगत वाटते. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ जलवाहिन्या फुटल्या आणि तिसवाडी व फोंडा तालुक्यांतील मोठ्या भागाचा पाणीपुरवठा भर पावसाळ्यात अनेक दिवस कोलमडला, हे अनेकांना आठवत असेल. दवाखान्यात हात धुवायला आणि स्वच्छतेला पाणी लागते हे उघड आहे. डायलिसिस केंद्राची गरज मात्र वेगळ्याच मापाची असते. यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रव जातो, म्हणजे चार तासांच्या एका सत्राला एका रुग्णामागे सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते, आणि ते शुद्ध करताना वाया जाणारे पाणी निराळेच. त्यामुळे डायलिसिस केंद्रांना "पाणी आहे का?" असे न विचारता "उद्या सकाळची सत्रे होतील का?" असे विचारावे. सत्रे होणार नसतील तर रुग्णांना दुसरीकडे हलवण्याची व्यवस्था रात्रीच करावी लागते, कारण रस्ता उद्या उघडा असेल याची खात्री नसते.

रस्त्याच्या प्रश्नाला तीन पर्याय पुरतात: रुग्णवाहिका येऊ शकते, फक्त मोठे किंवा उंच वाहन येऊ शकते, कोणतेच वाहन येऊ शकत नाही. १०८च्या चालकाला यापेक्षा अधिक काही नको असते. दिवाडीसारख्या बेटावरील दवाखान्यांसाठी याच प्रश्नात फेरीबोट चालू आहे का, हे जोडावे. वारा वाढला की फेरी थांबते आणि कोरडा ठणठणीत दवाखानासुद्धा एकाकी पडतो.

लसींच्या बाबतीत एक गोष्ट विचित्र वाटेल. सरकारी केंद्रांतील आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर वीज गेल्यावरही झाकण न उघडल्यास बराच काळ थंडावा धरून ठेवतात, आणि त्यांच्या तापमानावर ई-विन या यंत्रणेची नजर असते. खरा धोका खासगी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातील घरगुती फ्रिजला असतो. तो लवकर तापतो, त्याच्यावर कोणाची नजर नसते, आणि दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर तो पुन्हा थंड होतो, तेव्हा आतली लस खराब झाली की नाही हे पाहून कळत नाही. म्हणून फॉर्ममध्ये एकच प्रश्न ठेवावा: तापमापकावर आत्ता २ ते ८ अंश सेल्सिअसच्या मधला आकडा दिसतो का? होय, नाही, किंवा तापमापक नाही. तिसरे उत्तर देणाऱ्यांची यादी पावसाळा संपल्यावर वाचण्यासारखी असते.

प्रत्यक्ष फॉर्म बनवताना काही बारीकसारीक गोष्टींवर यश अवलंबून असते. दवाखान्याचे नाव टाइप करायला कधीही लावू नये. वाळपई, वाळपय आणि रोमी लिपीतले त्याचे दोन-तीन अवतार अशा पाच नावांनी एकच केंद्र पत्रकात उतरते, आणि कोणतेही सूत्र त्यांना एक मानत नाही. प्रत्येक दवाखान्याला एक क्रमांक द्यावा आणि गूगल फॉर्मच्या प्री-फिल्ड लिंकच्या सोयीने त्याचे नाव व क्रमांक आधीच निवडलेला असेल अशी स्वतंत्र लिंक त्याला द्यावी. त्या लिंकचा क्यूआर कोड छापून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. भिंतीवर लावलेला कागद पावसाळ्यात ओल धरतो, शिवाय तो रुग्णांच्याही हाती लागतो. उत्तरे निवडण्याच्याच स्वरूपाची असावीत. मोकळ्या लेखनाची एकच जागा शेवटी ठेवावी आणि तीही ऐच्छिक. फोटो जोडण्याची सोय ठेवू नये, कारण गूगल फॉर्ममध्ये फाइल जोडायची झाल्यास भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावे लागते आणि निम्मे लोक तिथेच अडतात. प्रश्नांची भाषा मराठी किंवा कोकणी ठेवावी, आणि प्रत्येक पर्यायापुढे एक आकडा लिहावा. हे आकडे पुढे एसएमएससाठी लागतात.

पत्रकाच्या बाजूने तीन गोष्टी पाहाव्यात. सेटिंगमध्ये जाऊन पत्रकाची वेळ भारतीय प्रमाणवेळेवर आहे ना, हे तपासावे. ती परदेशी वेळेवर राहिली तर सकाळी आठचा अहवाल आदल्या रात्रीचा दिसतो आणि रंगांचे सारे गणित फसते. फॉर्ममधून येणाऱ्या मूळ ओळींना हात लावू नये. दुसऱ्या पानावर दवाखान्यांची यादी करावी आणि एक्सलुकअप सूत्राला शेवटून शोधायला सांगून प्रत्येकाची सर्वांत ताजी ओळ तिथे आणावी. तालुक्यातील संगणक हाताळणाऱ्या कोणत्याही कारकुनाला हे एका दुपारी जमते. तिसरी बाब तांत्रिक नाही, परंतु मी तिला सर्वांत वर ठेवीन: फॉर्म आणि पत्रक एखाद्या अधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर असू नये. उत्साही अधिकारी फॉर्म बनवतो, त्याची बदली होते, आणि पुढच्या जूनमध्ये ते पत्रक उघडण्याचा अधिकार कोणाकडेच उरत नाही. कार्यालयाचे खाते वापरावे, संपादनाचे अधिकार किमान दोन पदांना द्यावेत आणि बाकी सर्वांना केवळ पाहण्याची मुभा असावी.

हे सारे इंटरनेट असेपर्यंतचे झाले. सत्तरीच्या आतल्या गावांत आणि सांगे, काणकोणच्या डोंगराळ भागांत ते असेलच असे गृहीत धरता येत नाही. वीज गेल्यावर मोबाइल टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो, मग तोही जातो. त्याआधीच्या मधल्या काळात डेटा चालत नाही, पण एसएमएस पुष्कळदा जातो. एसएमएस कंपनीच्या यंत्रणेत साठून राहतो आणि समोरचा फोन नेटवर्कमध्ये आला की पोहोचतो, फोन कॉलसारखे दोन्ही टोके एकाच वेळी जिवंत असावी लागत नाहीत. इथे एक तांत्रिक बारकावा आहे. साध्या रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, पण देवनागरीचे एक जरी अक्षर आले तरी ती मर्यादा ७० वर येते आणि लांब संदेशाचे तुकडे होतात. कमजोर नेटवर्कमध्ये एखादा तुकडा मागे राहतो. म्हणून एसएमएस केवळ आकड्यांचा असावा आणि आकडेही इंग्रजी कीपॅडवरचेच असावेत.

उदाहरणार्थ, 14-2-3-06-1-2-1-0 असा संदेश आला तर तो असा वाचायचा: चौदा क्रमांकाचा दवाखाना, अंशतः चालू, जनरेटरवर, सहा तासांचे डिझेल, पाणी आहे, फक्त उंच वाहन येऊ शकते, लसींचे तापमान ठीक, तातडीची गरज नाही. फॉर्ममधील पर्यायांपुढचे आकडे आणि एसएमएसचे आकडे एकच असल्यामुळे वेगळे काही पाठ करावे लागत नाही, आणि नियंत्रण कक्षातील माणूस तोच संदेश स्वतः फॉर्ममध्ये भरतो. फक्त फॉर्मच्या नोंदीवर भरल्याची वेळ उमटते, पाहिल्याची नाही, म्हणून दुसऱ्याच्या वतीने भरताना "ही स्थिती किती वाजताची?" हा एक जादा प्रश्न भरणे सक्तीचे ठेवावे. नेटवर्क पूर्ण गेले असेल तर दूरसंचार विभाग आपत्तीच्या भागात इंट्रा-सर्कल रोमिंग सुरू करून एका कंपनीच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर जोडू देऊ शकतो. ते सुरू झाल्याचे कळले की दवाखान्यांना फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड आपोआप होईल असे ठेवायला सांगावे. इंटरनेटशिवाय फॉर्म भरून ठेवण्यासाठी कोबो कलेक्टसारखी मोफत साधनेही आहेत आणि नुकसानीच्या नंतरच्या पाहणीसाठी ती उत्तम आहेत. घडीघडीच्या स्थितीसाठी मात्र मी ती सुचवणार नाही, कारण फोनमध्ये भरून ठेवलेला अहवाल दुसऱ्या दिवशी पोहोचला तर तो नुसता इतिहास असतो.

आणि काहीच चालले नाही तर? तर माणूस पाठवावा. उपकेंद्रातील आरोग्य सेवक, पंचायतीचा सचिव किंवा आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेला गावातला तरुण, यांपैकी कोण कोणत्या दवाखान्याची खबर आणेल, हे मूळ यादीत आधीच लिहिलेले असावे. लाल ओळीचा शेवटचा उपाय तोच.

खासगी डॉक्टर हे सारे का भरतील, अशी शंका प्रश्नकर्त्यांनी जाता जाता व्यक्त केली आहे आणि ती रास्त आहे. माझा अनुभव असा की आदेश काढल्याने पहिल्या दिवशी उत्तरे येतात आणि चौथ्या दिवशी थांबतात. जो कळवतो त्याला पत्रक पाहता आले पाहिजे. कोणते औषधालय उघडे आहे, रुग्णाला म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात पाठवायचे तर रस्ता मोकळा आहे का की थेट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे, शेजारच्या गावात कोणाकडे जनरेटर आहे, ही माहिती खासगी डॉक्टरलाही तितकीच हवी असते. शिवाय मागितलेली मदत मिळाली की नाही हे त्याच ओळीत दिसले पाहिजे. "डिझेल मागितले, ९.४०, मामलेदार कचेरीला कळवले, ९.५५, पोहोचले, १.२०" असे तीन शिक्के ज्याने एकदा पाहिले, तो पुढच्या वेळी न सांगता फॉर्म भरतो. मागणी कुठल्या टप्प्यावर अडकली तेही सर्वांना दिसते, आणि खरे सांगायचे तर काही कार्यालयांना नेमके तेच नको असते.

दोन गोष्टी या पत्रकात येऊ देऊ नयेत. पहिली म्हणजे रुग्णाचे नाव, फोन किंवा आजार. पत्रक अनेकांना दिसणार असल्यामुळे अशी एक ओळही घातक आहे आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ याकडे पाहता कार्यालयालाही ती अडचणीत आणू शकते. एखाद्या रुग्णाला हलवायचे असेल तर ते फोनवर बोलावे. दुसरी म्हणजे रोगांची आकडेवारी. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस, अतिसार आणि डेंग्यू यांवर लक्ष ठेवावेच लागते, पण त्यासाठी एकात्मिक आरोग्य माहिती मंच आहे आणि तिथे एस (संशयित), पी (संभाव्य) व एल (प्रयोगशाळेत सिद्ध) नमुन्यांत नोंदी जातातच. दवाखाना चालू आहे का, हा एक प्रश्न. दवाखान्यात कोणत्या तापाचे किती रुग्ण आले, हा दुसरा. दोन्ही एकाच फॉर्ममध्ये आले की पहिल्याचे उत्तर दुसऱ्याची मोजणी होईपर्यंत अडून राहते.

केव्हा कळवायचे याचा नियम आपल्या मर्जीवर न ठेवता हवामान खात्याच्या इशाऱ्याला बांधावा. पिवळ्या इशाऱ्याला काही भरायचे नाही, फक्त डिझेल पाहून ठेवायचे. नारिंगी इशारा आला की सकाळी आठ आणि दुपारी चार वाजता. लाल इशाऱ्याला दर सहा तासांनी. याव्यतिरिक्त स्थिती बदलली की लगेच, मग इशारा असो वा नसो. "सर्व पूर्वीप्रमाणे" असा एकच पर्याय फॉर्मच्या सुरुवातीला ठेवला तर ज्याच्याकडे काही बदललेले नाही त्याचे काम दोन स्पर्शांत होते आणि त्याची वेळ ताजी राहते. व्हॉट्सॲप ग्रुप मोडायचा नाही. फक्त संदेश टाकण्याचा अधिकार ॲडमिनपुरता करून त्यावर लिंक, आठवण आणि दर वेळचा एका ओळीचा गोषवारा पाठवावा. गप्पांसाठी दुसरा ग्रुप लागला तर खुशाल काढावा. लोकांना बोलावेसेही वाटते आणि ते चुकीचे नाही.

सरावासाठी वेगळा दिवस काढण्यापेक्षा वीज खाते दुरुस्तीसाठी अधूनमधून जो पुरवठा बंद ठेवते, तो दिवस वापरावा. त्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात सूचना असतेच. त्या भागातील दवाखान्यांनी एकदा फॉर्म आणि एकदा एसएमएस पाठवावा. कोणाचा क्यूआर कोड सापडत नाही, कोणाचा जनरेटर सुरू होत नाही, कोणती परिचारिका नुकतीच बदलून आली आहे, हे उन्हाच्या दिवशी कळलेले बरे.

सत्तरीपुरते बोलायचे तर सुरुवात सगळ्या तालुक्यापासून करू नये. २३ जुलै २०२१ च्या पुरात म्हादईकाठच्या ज्या गावांत पाणी चढले, तिथले सरकारी आणि खासगी दवाखाने आधी घ्यावेत, शिवाय वाळपईचे सामूहिक आरोग्य केंद्र आणि बाजारातील दोन औषधालये. हवामान खात्याचा इशारा, अंजुणे धरणातून पाणी सोडण्याची सूचना आणि हे पत्रक अशा तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर येतील अशी जागा मामलेदार कचेरीत ठरवून घ्यावी. रात्रीच्या वेळी त्या टेबलावर कोण बसणार त्या पदाचे नाव पत्रकाच्या पहिल्या ओळीत फोन क्रमांकासह लिहावे, आणि ते पद रिकामे असेल तर फॉर्म सुरू करण्यापूर्वी उपजिल्हाधिकाऱ्यांकडून तेवढा एक आदेश मिळवावा.